चौदा क्रमांकाची जागा

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती फिलिपा स्टँडन, आजचे सत्कारमूर्ती आणि गेली एकतीस वर्षं या मंडळाचे मानद चिटणीस श्री. ग्रॅम लडब्रुक, व्यासपीठावर बसलेले वस्तुसंग्रहालयाचे आणि नगरपालिकेचे पाहुणे, वेंडोव्हर क्रीक निसर्ग-अभ्यास मंडळाचे सर्व आजी-माजी सभासद, आणि तिसऱ्या रांगेत डावीकडच्या दाराजवळ बसलेली माझी व्हर्लीमावशी, आपणा सर्वांना नमस्कार.

माझं नाव टालिया बॅनिस्टर. मी भूमापन करते. भाषणं करत नाही. पण श्री. लडब्रुक यांनी मला सांगितलं आहे की पाच मिनिटं बोलायचं, आनंदाचं बोलायचं, आणि शेवटी माझ्या उजव्या हाताला त्या हिरव्या कापडाखाली जो नकाशा ठेवला आहे तो उघडून त्यांच्या हाती द्यायचा. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागतील. त्याबद्दल आधीच सांगून ठेवते.

समारंभाच्या सुरुवातीला अध्यक्षांनी एका छापील कार्डावरून या भूमीच्या मूळ रहिवाशांना, म्हणजे आम्हा आदिवासींना, आदरपूर्वक वंदन केलं. 'पूर्वी होऊन गेलेल्यांना आणि आज असलेल्यांना' असे शब्द होते. त्यासाठी मी आभारी आहे. आज असलेल्यांपैकी दोघी सभागृहात हजर होत्या. मावशीनं हात वर केला होता, पण कार्ड वाचताना मान वर करता येत नाही हे मी समजू शकते.

आता सत्कारमूर्तींविषयी. श्री. लडब्रुक यांच्याबद्दल इथे माझ्या आधी चार वक्ते बोलले, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. एकतीस वर्षांत मंडळाचं त्रैमासिक एकदाही उशिरा निघालं नाही. कपाटाच्या किल्ल्या एकदाही हरवल्या नाहीत. खडकावर जाताना ते स्वतःसाठी एक आणि दुसऱ्यासाठी एक असे चहाचे दोन थर्मास नेतात, आणि दुसऱ्याचा चहा आधी ओततात. हे मी पाहिलं आहे. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाबरोबर दिवसभर राहणं सोपं नसतं. त्यांनी ते अकरा दिवस केलं.

मागच्या जून महिन्यात त्यांचा मला फोन आला. मंडळाचे संस्थापक, पेशानं औषधविक्रेते असलेले कै. अँब्रोज पिल्बीम यांनी १८९७ साली नदीवरच्या कड्यावरच्या खडकचित्रांची पहिली नोंद केली, तिला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. त्या नोंदीची नव्या तंत्रानं फेरमोजणी करायची, असं त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, "अगं, तुझ्याच लोकांचं काम. तुला आनंदच होईल. आणि मला जाता जाता मंडळाला काहीतरी पुरं करून द्यायचंय."

कड्याचं नाव मी घेणार नाही. सभासदांना ते ठाऊक आहे. पाहुण्यांना ठाऊक असण्याची गरज नाही.

तो कडा मंडळाच्या मालकीचा आहे. पिल्बीम यांनी विकत घेऊन तो मंडळाला दिला. कुणाकडून विकत घेतला, ते खरेदीखतात लिहिलेलं नाही. मी शोधलं. व्यवसायाची सवय आहे, दुसरं काही नाही.

काम कसं केलं ते थोडक्यात सांगते. वालुकाश्मावर आमच्या लोकांनी आकृती कोरली ती अशी: आधी रेघेवर जवळजवळ टोचे मारायचे, मग टोच्यांमधला दगड घासून काढायचा. म्हणून जुन्या खाचेचा छेद उथळ वाटीसारखा असतो आणि तळाशी टोच्यांचे खळगे राहतात. मी हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात, वेगवेगळ्या कोनांतून, तीन हजार एकशे चाळीस छायाचित्रं काढली. त्यांतून संगणकावर खडकाची प्रतिकृती तयार होते. तिच्यात अर्ध्या मिलिमीटरचा खड्डाही दिसतो. ती प्रतिकृती खोटं बोलत नाही, आणि आदर म्हणून काही लपवतही नाही.

तुम्ही सगळ्यांनी कोटावर मंडळाचा बिल्ला लावला आहे. त्यावर कांगारू आहे. पिल्बीम यांच्या नोंदीतली ती नववी आकृती. बाहेर टेबलावरच्या केकवरही तीच साखरेत काढली आहे, आणि सुरी शेपटीपाशी ठेवली आहे. त्या कांगारूला एक डोळा आहे आणि किंचित हसरं तोंड आहे.

नवव्या आकृतीची बाहेरची खाच वाटीसारखी आहे. डोळ्याची आणि तोंडाची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी आहे. सरळ, धारदार, तळाशी एकही टोचा नाही. ही पोलादी छिन्नी. मंडळाच्याच कपाटात पिल्बीम यांनी मेलबर्नच्या एका मित्राला लिहिलेल्या पत्राची प्रत आहे. तीत ते लिहितात, 'छायाचित्रात रेषा उठून दिसेना, म्हणून ठिकठिकाणी सुधारून घेतली, आणि प्राण्याला जरा चेहरा दिला.'

चेहरा दिला.

म्हणजे आज या सभागृहात एकशे दहा माणसं छातीवर एका औषधविक्रेत्यानं रविवारी दुपारी खोदलेला डोळा लावून बसली आहेत. मला किळस आली. राग आला असता तर निदान भांडता आलं असतं. पण ज्यांनी केलं ते जाऊन शंभर वर्षं होऊन गेली, आणि ज्यांनी बिल्ले वाटले ते चहा फार चांगला करतात. किळस घेऊन कुठे जायचं?

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशी खटकली होती, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. आम्ही खडकावर बसून सॉसेज रोल खात होतो. श्री. लडब्रुक यांनी पिल्बीम यांच्या छापील लेखाची प्रत उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "ही सर्व मापे मी एकट्याने, कोणाच्याही साहाय्याविना घेतली. स्थानिकांपैकी या आकृत्यांविषयी काही जाणणारा कोणीही जिवंत उरलेला नाही."

मी विचारलं, "फीत किती लांबीची होती?"

"सहासष्ट फुटी, तागाची. कपाटात आहे अजून. का गं?"

"दुसरं टोक कुणी धरलं?"

ते हसले. "तू म्हणजे अगदी मोजणीवाली आहेस हं. दगड ठेवला असेल टोकावर."

"दगड ठेवला तर फीत सैल पडते. त्यांची मापं दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बरोबर आहेत. दोन्ही टोकांना माणूस असल्याशिवाय हे होत नाही."

"असेल एखादा मित्र. चहा घे, निवतोय."

मी चहा घेतला.

पिल्बीम यांच्या नोंदीत बावीस आकृत्या आहेत, पण क्रमांक तेवीसपर्यंत जातात. तेरानंतर एकदम पंधरा. चौदावी आकृती नाही. मंडळात हा जुना विनोद आहे. वीस वर्षांपूर्वी श्री. लडब्रुक यांनी त्रैमासिकात 'चौदावी आकृती : खिळे जुळवणाऱ्याची गंमत' असा लेखही लिहिला होता. छापखान्यातल्या कामगारानं आकडा गाळला, असं त्यात म्हटलं आहे. आणि नकाशात तेरा आणि पंधरा यांच्यामध्ये एक अंडाकृती कोरी जागा आहे. रुंदी दीड मीटर, लांबी दोनला थोडी कमी. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'येथे खडक झिजलेला. काही नाही.'

प्रतिकृती तयार झाली तेव्हा मी आधी तीच जागा पाहिली. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही, पण प्रतिकृतीत खडक झिजलेला नव्हता, तिथे खाच होती.

या सभागृहात शास्त्राचे अभ्यासक आहेत, म्हणून एक प्रामाणिकपणे सांगते. मला तेव्हा फार आनंद झाला होता. सव्वाशे वर्षं जे कुणी पाहिलं नाही ते मी पाहत होते, आणि खाच इतकी स्वच्छ होती की एकेक टोचा मोजता येत होता. मी ते कागदावर छापलंसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन व्हर्लीमावशीकडे गेले. तिला खूश करायला.

मावशी माझ्या आईची मावशी. वय एकोणऐंशी. स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "मावशी, हे बघ काय सापडलं."

तिनं अर्धा क्षण पाहिलं असेल. मग हातातलं भांडी पुसायचं फडकं तिनं लॅपटॉपवर टाकलं. फेकलं नाही. व्यवस्थित पसरून टाकलं, चारी कोपरे झाकले जातील असं.

"कुणाला विचारून गेलीस?"

"मंडळानं बोलावलं होतं. कंत्राट आहे मावशी."

"कंत्राट हेस्टरनं दिलं का?"

"हेस्टर कोण?"

"अरे वा! विद्यापीठात पाच वर्षं घातलीस, आणि स्वतःच्या माणसांची नावं ठाऊक नाहीत. माझ्या आजीची आजी. बस तिकडे. नाही, तिकडे, फडक्याला पाठ करून."

मी पाठ करून बसले. मावशीनं सांगितलं ते तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं, आणि आजीला खुद्द हेस्टरनं. त्या जागेवरचं विचारल्याशिवाय कुणी पाहायचं नसतं, म्हणून मी ते जेवढं इथे सांगू शकते तेवढंच सांगते.

हेस्टर पिल्बीम यांच्याकडे कपडे धुवायला होती. रविवारी चर्च झाल्यावर ते तिला कड्यावर न्यायचे. फीत धरायला. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती. ती पुढे, कारण वाट तिला माहीत होती. जिथे ती थांबायची तिथे ते मोजायचे. अशा तेरा आकृत्या झाल्या. तेराव्यानंतर ती चार पावलं चालली, फीत खाली ठेवली, आणि झगा पसरून खडकावर बसली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बसली. तो म्हणाला ऊठ, ती म्हणाली पाय दुखतात. तंबाखू दिली, ती खिशात टाकली आणि बसून राहिली. साखर दिली, तीही टाकली. आजी म्हणायची, त्या महिन्यात आमच्याकडे साखरेचा तोटा नव्हता." मावशी हसली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी तो एकटाच भल्या पहाटे निघाला, हिला न सांगता. जाऊन बघतो तर ही आधीच तिथे. बसलेली."

"थंडीत?"

"जुलै होता, ऐन हिवाळा. थंडी नसायला काय झालं? तीन रविवार बसली. तिसऱ्या रविवारी त्यानं काहीतरी केलं तिला. काय ते आजीनं कधी सांगितलं नाही. हेस्टरनंच सांगितलं नव्हतं. पण ती उठली नाही एवढं खरं. त्यानं तिच्याभोवतीनं रेघ काढली आणि पुढे गेला."

अध्यक्ष महोदया, मी मोजणीवाली आहे. कुणी सांगितलं म्हणून मी नकाशावर काही लिहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी इथे, याच इमारतीत आले, आणि श्री. लडब्रुक यांच्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. छापील लेख सगळ्यांनी वाचला आहे. पण लेखाच्या आधीची, खडकावर बसून लिहिलेली पिल्बीम यांची कच्ची वही वरच्या कप्प्यात फुलपाखरांच्या पेटीखाली आहे. तिच्यात ४ जुलै, ११ जुलै आणि १८ जुलै १८९७ अशा तीन नोंदी आहेत. मी त्या वर्षाची दिनदर्शिका पडताळली. तिन्ही रविवार.

तिसरी नोंद वाचते. पूर्ण वाचणार नाही.

'फीत धरणारी बाई आजही त्याच जागी. दटावले, उपयोग नाही. दिवस फुकट जाऊ नये म्हणून तिचीच मापे घेतली. क्रमांक १४. मादी, वय अंदाजे पन्नास. कवटीची लांबी, कवटीची रुंदी, नाक, जबडा, कानापासून हनुवटी, बाहू...' अशी अकरा मापं आहेत. आकडे मी वाचणार नाही. शेवटी लिहिलं आहे, 'दात चांगले. मापे घेताना हलली नाही. खडकाचा हा भाग झिजलेला दाखवावा.'

नाव कुठेही नाही. ती त्यांच्या घरी कपडे धूत होती. नाव त्यांना माहीत होतं.

खिळे जुळवणाऱ्यानं आकडा गाळला नव्हता. पिल्बीम यांनी वहीत तेरा आकृत्यांनंतर चौदावी म्हणून एका जिवंत बाईचं डोकं मोजून लिहिलं, आणि लेख छापायची वेळ आली तेव्हा ती ओळ काढून टाकली. बाकीचे आकडे बदलायचा कंटाळा केला. त्या कंटाळ्यामुळेच हे आज कळतं आहे. एरवी ते फार नेटके होते.

हे पान मी तीनदा वाचलं. मग हात धुवायला बाहेर गेले. वहीला बुरशी होती हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं.

या हकिकतीचा सत्कारमूर्तींशी काय संबंध, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. काल दुपारी नकाशा ठेवायला मी इथे आले होते. श्री. लडब्रुक खुर्च्या मांडत होते. मी त्यांना विचारलं, "तुम्ही ती वही वाचली होती?"

"कधीतरी चाळली असेल. अक्षर फार किचकट आहे गं त्यांचं."

"अठरा जुलैचं पान?"

त्यांनी एक खुर्ची उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "टालिया, फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी सगळेच मापं घेत होते. विज्ञान तेव्हा तसंच होतं. वाईट हेतू नव्हता त्यात."

"मग छापखान्याच्या गमतीचा लेख का लिहिलात?"

"आपले सभासद वयस्कर आहेत. त्यांना उगाच कशाला वाईट वाटायला लावायचं?"

माझ्या हातात काही नव्हतं म्हणून मीही खुर्च्या मांडू लागले. चौथी रांग मांडून झाली. मग ते म्हणाले, "तिथे काही आहे ना? तुझ्या त्या यंत्रात आलंय ना?"

"हो."

"मला एकदाच दाखव. कुणाला सांगणार नाही. एकतीस वर्षं त्या कोऱ्या जागेकडे बघतोय मी. पुढच्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन आहे, मग काय दिसेल न दिसेल."

"हेस्टरनं पिल्बीमांना दाखवलं नाही."

"मी पिल्बीम आहे का गं?" त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. "मी कधी कुणाशी बोलताना आवाज तरी वर केलाय का? आणि कंत्राट आहे आपलं. 'सर्व माहिती मंडळाच्या स्वाधीन' असं सहावं कलम आहे. मीच लिहिलंय ते. तू शास्त्र शिकलेली मुलगी. अर्धवट नकाशा देशील? पुढच्या पिढ्यांसाठी तरी..."

आवाज त्यांनी खरोखरच कधी वर केला नाही. पिल्बीम यांनीही केला नसावा. वहीत कुठे उद्गारचिन्ह नाही. साखर दिली, तंबाखू दिली, मग डोकं मोजायचा कॅलिपर लावला. आणि शंभर वर्षांनी ज्याच्या हाती किल्ली होती त्यानं पान वाचलं, वही पुन्हा फुलपाखरांखाली ठेवली आणि एक गमतीदार लेख लिहिला. कुणालाही वाईट वाटू नये म्हणून. यातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा कमी किळसवाणा वाटावा, यासाठी मी काल रात्री बराच प्रयत्न केला. श्री. लडब्रुक यांचा चहा आठवून पाहिला. जमलं नाही. त्यांना हे मी आज सकाळी फोन करून सांगितलं आहे, त्यामुळे त्यांना इथे बसून पहिल्यांदा ऐकावं लागत नाही. तरीही ते आले आणि त्यांनी मला बोलू दिलं, याची नोंद मी करते.

सहाव्या कलमाविषयी. नकाशा देण्याआधी मंडळाला काय मिळतं आहे आणि काय नाही, हे स्पष्ट करणं माझं काम आहे.

एकूण तीन हजार एकशे चाळीस छायाचित्रांपैकी चौदा क्रमांकाची जागा ज्यांत दिसत होती ती दोनशे सहा. ती मी मावशीच्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर पुसून टाकली. प्रतीही पुसल्या. कागदावर छापलेलं एकच होतं, ते तिनं चुलीत घातलं. माझ्या धंद्यात मूळ माहिती पुसणं हा गुन्हाच समजतात. माझा हात थांबला, हे लपवत नाही. मावशीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "काय झालं? त्या बाईनं तीन रविवार काढले. तुला एक बटण दाबायला जड जातंय?"

मी दाबलं.

"आणि जे डोळ्यांनी पाहिलंस त्याचं काय?" तिनं विचारलं.

"ते कसं पुसू?"

"नाहीच पुसता येणार. ते आता तुला सांभाळावं लागेल. म्हणून म्हणत होते, आधी विचारावं."

सहाव्या कलमाचा भंग झाला आहे. मंडळानं वकिलाकडे जायचं ठरवलं, तर मी मान्य करीन. जागा कुणी पुन्हा मोजायची ठरवली, तर त्याला कड्यावर जाण्याआधी मावशीच्या घरावरून जावं लागेल. वाट तिथूनच आहे. आणि मावशी आता दिवसभर ओसरीवर असते.

आता नकाशा. अध्यक्ष महोदया, आपली परवानगी आहे असं समजून मी कापड काढते.

मागे बसलेल्यांना कदाचित दिसणार नाही, म्हणून सांगते. बावीस आकृत्या आहेत. प्रत्येकीची खाच, जुनी काळ्या शाईत. छिन्नीनं नंतर केलेली लाल शाईत. लाल किती आहे ते जवळ येऊन पाहावं. नवव्या आकृतीचा डोळा आणि तोंड लाल आहे. तेरा आणि पंधरा यांच्यामध्ये अंडाकृती कोरी जागा आहे. ती पिल्बीम यांच्या नकाशात होती तितकीच, तिथेच आहे. त्यांनी ती दोन सेंटिमीटरच्या आत बरोबर काढली होती. दुसरं टोक धरणारी उठली नाही, तरी तिच्या भोवतीचं माप चुकलं नव्हतं. फक्त त्यांनी जिथे 'येथे खडक झिजलेला. काही नाही' असं लिहिलं होतं, तिथली ओळ मी बदलली आहे. तिथे आता लिहिलं आहे, 'क्रमांक १४. येथे हेस्टर बसली आहे.'

मोजणीदार म्हणून खाली उजव्या कोपऱ्यात दोन नावं आहेत. ए. पिल्बीम आणि हेस्टर. फितीला दोन टोकं असतात. माझं नाव मी घातलेलं नाही.

श्री. लडब्रुक, हा नकाशा तुमचा. तुम्हाला मंडळाला काहीतरी पुरं करून द्यायचं होतं. माझ्या समजुतीप्रमाणे हा पुरा आहे. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट होवो, हे मी मनापासून म्हणते. त्यानंतर तुम्हाला वाटलं, तर त्रैमासिकात चौदाव्या आकृतीवर दुसरा लेख लिहावा. अक्षर किचकट वाटलं तर मी वाचून दाखवीन. चहाचे दोन थर्मास मात्र आणावेत.

मला इथे बोलायची संधी दिली त्याबद्दल अध्यक्षांचे, कार्यकारिणीचे आणि सभागृहाचे आभार. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मध्ये एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माइक बंद केला नाही, त्यांचे विशेष आभार.

बोलताना काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. ते मी म्हणते. पण माझी खरी चूक या भाषणात झालेली नाही. ती जून महिन्यात झाली, मावशीला न विचारता मी कड्यावर गेले तेव्हा. त्याबद्दल मी सर्वांसमक्ष व्हर्लीमावशीची क्षमा मागते. नकाशात जे उणं आहे त्याची क्षमा मागत नाही.

आता थोड्याच वेळात अध्यक्षा दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे सगळ्यांना ग्लास हातात घेऊन संस्थापक अँब्रोज पिल्बीम यांच्या स्मृतीसाठी उभं राहायला सांगतील. तेव्हा तिसऱ्या रांगेत डावीकडच्या दाराजवळ दोन बायका उठणार नाहीत. त्यातली एक एकोणऐंशी वर्षांची आहे, म्हणून कुणी तिच्या गुडघ्यांची काळजी करू नये. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. आज इथे ती चालत आली.

धन्यवाद. मी बसते.